चार फेऱ्या, तेहेतीस जागा

मागील अंकात अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या मोटारशर्यतीवर एक छोटे टिपण आले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख शर्यतीपेक्षा तिच्या आदल्या आठवड्यात होणाऱ्या पात्रता चाचणीकडे होता, याचे मला फार समाधान वाटले. कित्येक वर्षे मी ही चाचणी नागपुरात, उन्हाळ्याच्या रात्री, कूलरच्या घरघरीत जागून पाहत आलो आहे. शर्यतीत दैवाचा, डावपेचांचा आणि दुसऱ्याच्या चुकीचा मोठा वाटा असतो. पात्रता चाचणीत मात्र गाडी, चालक आणि हवा यांच्याखेरीज मैदानात कोणीच नसते, आणि म्हणूनच मला ती अधिक खरी परीक्षा वाटते. या वेळचे सदर मी संपूर्णपणे तिलाच देत आहे.

माझा मुलगा मे महिन्यात दोन रात्री जागून ही चाचणी पाहतो. पाचशे मैल पळायचेच आहे, तर सुरुवातीला कोण पुढे आणि कोण मागे उभा राहतो याला एवढे महत्त्व का? त्यासाठी दोन दिवस कशाला लागतात? (एक वाचिका, धरमपेठ)

ताई, आपला प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा आहे. क्रमाला वाटते तेवढे महत्त्व नाही, हे आधीच मान्य करतो. १९९२ साली स्कॉट गुडइयर तेहेतिसाव्या, म्हणजे सर्वांत शेवटच्या जागेवरून निघाला आणि विजेत्या अल अन्सर ज्युनियरच्या मागे अवघ्या ०.०४३ सेकंदाने दुसरा आला. या शर्यतीच्या तोवरच्या इतिहासातील ते सर्वांत निसटते अंतर होते. त्याच वर्षी पहिल्या जागेवर असलेला रॉबर्टो गुरेरो शर्यत सुरू होण्यापूर्वीच्या संथ फेरीत, थंड टायरांवर गाडी फिरून, बाहेर गेला.

पण पात्रता चाचणी केवळ क्रम लावण्यासाठी नसते. शर्यतीत जागा तेहेतीसच असतात, तिघातिघांच्या अकरा रांगा. ज्या वर्षी चौतीस किंवा पस्तीस गाड्या येतात, त्या वर्षी कोणाला तरी वर्षभराची मेहनत गुंडाळून घरी जावे लागते. दोन दिवसांची खरी धाकधूक तेथे असते.

चाचणीची रीत समजली की मुलगा का जागतो हेही समजेल. धावपथ अडीच मैलांचा, म्हणजे सुमारे चार किलोमीटरचा आहे. त्यात जवळपास एकेक किलोमीटरचे दोन लांब सरळ भाग, दोनशे मीटरचे दोन आखूड सरळ भाग, आणि चार वळणे येतात. प्रत्येक वळण सुमारे चारशे मीटर लांब असून त्याचा उतार जेमतेम सव्वानऊ अंशांचा आहे. प्रत्येक चालक एकटाच मैदानात उतरतो, गाडी तापवण्यापुरत्या फेऱ्या मारतो, आणि मग सलग चार फेऱ्या मोजल्या जातात. या चार फेऱ्यांची, म्हणजे दहा मैलांची सरासरी हाच त्याचा निकाल. १९३३ ते १९३८ ही दहा फेऱ्यांची वर्षे सोडली तर चार फेऱ्यांची ही प्रथा १९२० पासून चालत आली आहे. आजच्या वेगाने हे सगळे दोन मिनिटे पस्तीस सेकंदांच्या आसपास संपते. एका फेरीत चूक झाली तर उरलेल्या तीन फेऱ्या ती भरून काढू शकत नाहीत.

आपल्या विदर्भातल्या वाचकांना हे समजावून सांगण्यासाठी मला दूर जावे लागत नाही. तळेगाव दशासरचा शंकरपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना माहीत आहे की तेथे जोडीची खरी कसोटी घड्याळाशी असते. धुरकऱ्याने बैलांना सोडले की काही सेकंदांत सगळे संपते, आणि निकाल सेकंदाच्या अंशावर लागतो. पटाच्या काठावर जोडी सुटण्यापूर्वी जी शांतता पसरते, तीच शांतता इंडियानापोलिसच्या त्या दोन दिवसांत पुन्हा पुन्हा पसरते.

२०२५ साली ठेवलेली पद्धत अशी होती. शनिवारी प्रत्येक गाडीला चिठ्ठ्या टाकून ठरलेल्या क्रमाने एक हक्काची संधी मिळाली. दिवसअखेरीस तेरा ते तीस हे क्रमांक पक्के झाले, पहिल्या बारा जणांना रविवारी पहिल्या जागेसाठी पुन्हा धावण्याचा हक्क मिळाला, आणि तिसाच्या खाली राहिलेल्यांना शेवटच्या रांगेतील तीन जागांसाठी रविवारी पुन्हा झुंजावे लागले. बारांतून सहा, आणि सहांतून एक.

मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. सरावाच्या यादीत जो चालक वरच्या दोन-तीनांत असतो, तो चाचणीत पंधराव्या-विसाव्या क्रमांकावर का जातो? संघ सरावात खरा वेग लपवतात का? (प्रतापनगर)

काही प्रमाणात लपवतात. परंतु मुख्य कारण हवेत आहे. सरावात गाड्या एकामागे एक धावतात. पुढची गाडी हवा फाडत जाते आणि मागच्या गाडीला पातळ झालेल्या हवेत शिरायला मिळते, म्हणजे तिला एक प्रकारची ओढ लागते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती तर वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, हे आपण वर्गात शिकला असाल. ताशी पावणेचारशे किलोमीटरच्या वेगाला हा फरक किती मोठा होतो याचा हिशेब आपणच मांडून पाहा. त्यामुळे सरावाच्या यादीत पहिला आलेला चालक बहुधा योग्य क्षणी योग्य गाडीच्या मागे सापडलेला असतो. जाणकार मंडळी ती यादी बाजूला ठेवतात आणि ओढीशिवाय मारलेल्या फेऱ्यांची वेगळी यादी वाचतात. आपणही तसेच करावे.

दुसरे कारण शुक्रवारचे. चाचणीच्या आदल्या दिवशी टर्बोचार्जरचा, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या यंत्राचा, दाब १.३ बारवरून १.५ बारवर नेण्याची परवानगी मिळते, आणि २.२ लिटरच्या त्या सहा सिलिंडरांच्या इंजिनातून सुमारे शंभर अश्वशक्ती जास्त मिळते. आठवडाभर ज्या गाडीची सवय झाली तीच गाडी एका रात्रीत निराळी वागू लागते.

तिसरे कारण मला सर्वांत रंजक वाटते. गाडीचे पुढचे आणि मागचे पंख हवेच्या जोरावर तिला जमिनीकडे दाबतात. हे दाबणारे बल जेवढे जास्त, तेवढी गाडी वळणावर घट्ट बसते. पण तेवढाच हवेचा अडथळाही वाढतो. म्हणून चाचणीसाठी अभियंते पंखांचा कोन अंशाअंशाने कमी करत जातात. पहिली फेरी उत्तम जाते. दुसऱ्या फेरीपासून टायर तापतात, घासतात, आणि चौथ्या फेरीत तीच गाडी वळणाबाहेर सरकू पाहते किंवा तिचा मागचा भाग सुटू लागतो. चालकाजवळ यावर उपाय म्हणून काही खटके असतात: पुढच्या व मागच्या अँटी-रोल बारचा (वळणावर गाडीचे कलणे रोखणाऱ्या दांड्याचा) ताठरपणा बदलता येतो, आणि गाडीचा भार कर्णरेषेत इकडचा तिकडे सरकवता येतो. ही हालचाल तो दोन वळणांच्या मधल्या सरळ भागात, एक्सलेटरवरचा पाय न उचलता करतो. चारही फेऱ्यांचे आकडे शेजारी ठेवून पाहा. ज्याचा वेग पहिलीपासून चौथीपर्यंत सर्वांत कमी घसरला, त्याचा संघ आणि चालक दोघेही आपापल्या कामात पारंगत आहेत असे समजावे. मी स्वतः पहिल्या फेरीचा आकडा ऐकून कधीही हुरळून जात नाही.

आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो. तिकडच्या समशीतोष्ण हवेत चार-पाच अंशांनी असा काय फरक पडतो, की सगळे लवकर धावण्याची चिठ्ठी निघावी म्हणून देव पाण्यात ठेवतात? (एक निवृत्त शिक्षक, महाल)

गुरुजी, नवतपाच्या दिवसांत दुपारी बारा वाजता ज्याने सीताबर्डीच्या डांबरी रस्त्यावर पाय ठेवला आहे त्याला अर्धे उत्तर ठाऊकच आहे. हवेचे तापमान आणि रस्त्याचे तापमान या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ऊन पडले की डांबर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. तापलेल्या डांबरावर टायरांची पकड कमी होते. गरम हवा विरळ असते, त्यामुळे पंखांवर पडणारा दाबही घटतो. विरळ हवेचा अडथळा कमी असतो हे खरे, पण गेलेली पकड परत मिळवण्यासाठी पंख पुन्हा उभे करावे लागतात आणि झालेला फायदा तेथेच खर्ची पडतो.

म्हणून सकाळच्या गारव्यात धावण्याची चिठ्ठी मिळाली तर संघ खूश असतो. दुपारी उन्हात मैदान ओस पडते, आणि उन्हे कलू लागली, मुख्य स्टँडची सावली सरळ भागावर पसरू लागली, की पुन्हा रांग लागते. एक ढग आला तरी माणसे धावत सुटतात. वाऱ्याचेही तसेच आहे: वळणात शिरताना पाठीमागून झुळूक आली तर पंखांवरून वाहणारी हवा मंदावते आणि गाडी हलकी पडते.

दुसऱ्यांदा धावू इच्छिणाऱ्यांसाठी दोन रांगा असतात, आणि नियम म्हणून ही कल्पना मला अतिशय सुंदर वाटते. एका रांगेतील गाडीला आधी सोडतात, परंतु तिला आपली आधीची वेळ रद्द करावी लागते. दुसऱ्या रांगेतील गाडीची वेळ शाबूत राहते, मात्र तिला वाट पाहावी लागते आणि दिवस संपला तर तिची पाळी येतच नाही. हातात असलेली बाविसावी जागा सोडून पंधराव्यासाठी जायचे का, हा निर्णय संघप्रमुखाला काही मिनिटांत घ्यायचा असतो.

नामांकित चालक पात्रच ठरला नाही, असे कधी घडले आहे काय? (वर्धा, अमरावती व रामदासपेठ येथून आलेल्या तीन पत्रांतील समान प्रश्न)

होय, आणि ज्यांना या चाचणीचे गांभीर्य पटत नाही त्यांना मी नेहमी याच घटना सांगतो.

१९९४ साली रॉजर पेन्स्के यांच्या संघाने ही शर्यत जिंकली; अल अन्सर ज्युनियर विजेता होता. पुढच्याच वर्षी तोच अन्सर आणि पूर्वी दोनदा जिंकलेला एमर्सन फिटिपाल्डी, असे संघाचे दोन्ही चालक पात्रतेबाहेर राहिले. पैसा, अनुभव, कारागीर, कशाचीही वाण नव्हती. आदल्या वर्षी खास बांधलेले इंजिन नियमबदलामुळे वापरता आले नाही, आणि नव्या परिस्थितीत गाडीला वेगच सापडला नाही.

२०१९ साली फॉर्म्युला वनचा दोन वेळचा जगज्जेता फर्नांडो अलोन्सो मॅकलॅरेनच्या गाडीतून आला होता. त्याच्यासमोर शेवटच्या जागेसाठी उभा होता हुंकोस नावाच्या छोट्या संघाचा काइल कायसर. या संघाचे पुरस्कर्ते ऐनवेळी गेले होते, शुक्रवारी त्यांची गाडी भिंतीवर आदळली होती, आणि कारागिरांनी रात्र जागवून दुसरी गाडी उभी केली होती. अलोन्सोची सरासरी ताशी २२७.३५३ मैल होती, कायसरची २२७.३७२. मी कागदावर हिशेब केला: दहा मैलांच्या अंतरात हा फरक सव्वाचार-साडेचार फुटांचा होतो. अलोन्सोने कोणताही बहाणा केला नाही आणि तेथे पैसे मोजून दुसऱ्याची जागाही घेतली नाही, हे मला विशेष लिहावेसे वाटते.

कारण तसे करता येते. नियमाप्रमाणे पात्र ठरते ती गाडी, चालक नव्हे. २०११ साली ब्रुनो जुंकेराने पात्र करून दिलेल्या गाडीत, चाचणीत बाद झालेला रायन हंटर-रे शर्यतीच्या दिवशी बसला, कारण त्याच्या संघाने ती जागा मोबदला देऊन मिळवली. नियमात बसते, तरीही मला जुंकेराबद्दल आजही वाईट वाटते.

आणि २०२३. रेहाल संघाच्याच गाड्या शेवटच्या रांगेसाठी आपसांत भिडल्या. वेळ संपत आली असताना जॅक हार्वीने पुन्हा प्रयत्न केला आणि सहकारी ग्रेअम रेहालला ताशी ०.००७ मैलाने बाहेर काढले. ग्रेअमचे वडील बॉबी रेहाल संघाचे मालकांपैकी एक होते; १९८६ ची शर्यत जिंकलेले हेच बॉबी १९९३ साली, वर्षभराच्या शर्यतमालिकेचे विद्यमान विजेते असताना, असेच पात्रतेबाहेर राहिले होते. मुलाशेजारी उभ्या असलेल्या त्या बापाला काय वाटले असेल हे सांगायला शब्द लागत नाहीत. पुढे दुसऱ्या संघाचा चालक सरावात जखमी झाला आणि ग्रेअमला त्याच्या जागी शर्यतीत उतरता आले.

त्याच वर्षी रांगेच्या दुसऱ्या टोकाला ॲलेक्स पालोने २३४.२१७ मैलांच्या सरासरीने पहिली जागा घेतली आणि रिनस वीके २३४.२११ वर राहिला. दहा मैलांत हातभर अंतर.

आजवरचा सर्वाधिक वेग कोणाचा? (इयत्ता नववीतील एक विद्यार्थिनी, इतवारी)

चार फेऱ्यांचा विक्रम एरी लायंडाइकच्या नावावर आहे: १९९६ साली ताशी २३६.९८६ मैल, म्हणजे सुमारे ३८१ किलोमीटर. गंमत अशी की तो त्या वर्षी विसाव्या जागेवरून निघाला, कारण पहिल्या दिवशी त्याच्या गाडीचे वजन नियमापेक्षा कमी भरले, वेळ रद्द झाली, आणि दुसऱ्या दिवशी पात्र ठरलेल्यांना पहिल्या दिवशीच्यांच्या मागे उभे राहावे लागत असे. पहिल्या जागेसाठीचा सर्वाधिक वेग २०२४ साली स्कॉट मॅकलॉक्लिनने नोंदवलेला २३४.२२० मैल. बाळ, हेही लिहून ठेव की सर्वाधिक वेळा, म्हणजे सहा वेळा, पहिली जागा रिक मिअर्सने मिळवली.

आपल्या समृद्धी महामार्गावर रात्री रस्ता मोकळा असतो. अशा वेगाची थोडी चव घेता येईल असे माझ्या मित्रांना वाटते. आपले मत? (हिंगणा)

माझे मत स्पष्ट आहे आणि ते कठोर वाटले तरी चालेल: असे कदापि करू नका. समृद्धी महामार्गावर मोटारींसाठी ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. १९११ साली रे हॅरूनने पहिली शर्यत जिंकली तेव्हा त्याची सरासरी ताशी ७४.६०२ मैल, म्हणजे बरोबर १२० किलोमीटरच होती. त्या काळी तो शर्यत जिंकणारा वेग होता, हे ध्यानात घ्या.

इंडियानापोलिसमध्ये आज जो वेग दिसतो, त्याच्यामागे वळणांच्या भिंतींवर २००२ पासून बसवलेले धक्का शोषणारे पोलाद व फोमचे अडसर आहेत, २०२० पासून चालकासमोर आलेला संरक्षक पडदा आहे, तपासलेले टायर आहेत, आणि काही सेकंदांत पोहोचणारे बचावपथक आहे. एवढे असूनही २०२५ च्या शनिवारी मार्कस आर्मस्ट्राँग सरावात आणि कोल्टन हर्टा प्रत्यक्ष चाचणीत भिंतीवर आदळले आणि दोघांनाही राखीव गाडीत बसावे लागले. त्याआधी, १९९६ साली, स्कॉट ब्रेटन पहिली जागा जिंकल्यावर काही दिवसांतच, सरावात मागचा टायर बसल्याने मरण पावला. तो अनुभवी होता आणि मैदान मोकळे होते. मित्रांना हे वाचून दाखवा.

२०२५ साली पेन्स्के संघाला शिक्षा झाली, ती नेमकी कशाबद्दल? आणि नवख्याने पहिली जागा घेतली हे खरे का? (गोंदिया)

दोन्ही खरे. जोसेफ न्यूगार्डन आणि विल पॉवर यांच्या गाड्यांच्या मागच्या बाजूला असलेल्या, धक्का शोषणाऱ्या भागाच्या सांध्यातली फट परवानगीशिवाय बुजवलेली आढळली. रविवारी त्यांना पहिल्या बारांतून काढण्यात आले आणि शर्यतीत बत्तिसाव्या व तेहेतिसाव्या जागेवर उभे केले गेले. न्यूगार्डन सलग तिसऱ्या विजयासाठी उतरत होता, जो आजवर कोणालाही साधलेला नाही. शिक्षा योग्यच होती असे मी मानतो. जेथे हातभर अंतराने निकाल लागतो तेथे सांध्यातली फट बुजवणेही क्षुल्लक ठरत नाही. पहिली जागा रॉबर्ट श्वार्ट्झमनने २३२.७९० मैलांच्या सरासरीने घेतली. त्याचा प्रेमा संघही येथे प्रथमच उतरला होता. नवख्या चालकाने पहिली जागा घेण्याची ही १९८३ च्या तेओ फाबीनंतरची पहिलीच वेळ.

चाचणी आणि शर्यत नागपुरात किती वाजता दिसते? (अनेक वाचक)

मे महिन्यात इंडियानापोलिसचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. २०२५ प्रमाणे वेळापत्रक राहिले तर शनिवारची चाचणी तेथे सकाळी अकराला, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेआठला सुरू होते आणि पहाटे सव्वातीन-साडेतीनपर्यंत चालते. शर्यत पुढच्या रविवारी, रात्री सव्वादहाच्या सुमारास. ज्यांना पूर्ण रात्र जागणे शक्य नाही त्यांनी शनिवारी जेवणानंतर पहिले दोन तास पाहावेत, झोपावे, आणि पहाटे दोनचा गजर लावावा. त्या वेळी तिकडे उन्हे कलू लागलेली असतात, डांबर निवू लागलेले असते, आणि तिसाव्या-एकतिसाव्या क्रमांकाचे चालक हेल्मेट घालून रांगेत बसलेले असतात.